टेट्रिस: मराठी विकिपीडियासाठीच्या लेखाचा मसुदा तपासून हवा आहे

निरंजन_क

नमस्कार मंडळी,

मराठी विकिपीडियावर टेट्रिसबद्दल सविस्तर लेख असावा म्हणून बरेच दिवस धूळपाटीवर (विकीवरच्या कच्च्या पानावर) खरडतोय. मसुदा आता जवळजवळ तयार आहे. लेखात टाकण्याआधी इथं दाखवावा म्हटलं. इथं विकीवर नियमित लिहिणारे आहेत, जुने गेमवाले आहेत आणि चुका काढण्यात तर एकेक जण पीएचडी आहे.

विभाग असे आहेत: प्रस्तावना, इतिहास, हक्कांचा वाद, खेळ, संगीत, मेंदूवरील परिणाम, भारतातील टेट्रिस. सगळ्यात मोठा हक्कांचा वाद. तो लिहिताना मजा आली, लपवत नाही.

प्रस्तावनेची सुरुवात इथंच चिकटवतो:

"टेट्रिस हा ६ जून १९८४ रोजी रशियन शास्त्रज्ञ अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी मॉस्को येथे शोधलेला जगप्रसिद्ध व लोकप्रिय व्हिडिओ गेम आहे. आजवर त्याच्या ५२ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या असून तो जगातील सर्वाधिक खपाचा गेम आहे. हा खेळ खेळल्याने मेंदू तल्लख होतो, असे संशोधनात सिद्ध झाले आहे."

बाकीचा मसुदा सदस्यपानावरून उघडेल. मोकळेपणानं झोडा.

टिंबटिंब

रुमाल टाकून ठेवतो. रात्री निवांत वाचतो.

खडूस

"जगप्रसिद्ध व लोकप्रिय". जगप्रसिद्ध आहे पण लोकप्रिय नाही असा एखादा गेम दाखवा बरं. पुढचं वाचायला धीर गोळा करतोय.

अनुस्वार

निरंजन, पूर्ण मसुदा वाचला. मेहनत दिसते आहे, आणि भाषा अनुवादी वाटत नाही ही फार मोठी गोष्ट. आता झोडते.

तुम्ही चिकटवलेली तीनही वाक्यं एकेका पक्षाचं म्हणणं तुमच्या तोंडून सांगतात.

६ जून १९८४ ही तारीख टेट्रिस कंपनीची. त्याच दिवशी ते दरवर्षी वाढदिवस साजरा करतात. गेमच्या इतिहासावरच्या लिखाणात १९८५ हे सालही सर्रास येतं. नोकरीच्या ठिकाणी एका माणसानं फावल्या वेळात केलेला प्रोग्रॅम, ज्याचं त्या दिवशी कुठंही प्रकाशन झालं नाही, त्याला एक पक्की तारीख असणंच मुळात संशयास्पद आहे.

५२ कोटी हा आकडाही कंपनीचाच, आणि तो एका गेमचा नाही. सगळ्या यंत्रांवरच्या, सगळ्या आवृत्त्यांचा मिळून आहे, मोबाइलवरची डाउनलोड धरून. मोबाइलवरच्या विकत घेतलेल्या डाउनलोडनीच १० कोटींचा टप्पा गाठल्याचं २०१० मध्ये जाहीर झालं होतं. दुसऱ्या बाजूला माइनक्राफ्ट हा एक गेम आहे आणि त्याच्या ३० कोटी प्रती २०२३ मध्ये पार झाल्या. एकाचं सगळं खानदान मोजायचं आणि दुसऱ्याचा एकटा माणूस, मग "सर्वाधिक" कोण हे ठरवायचं कसं? गेम बॉय या हातात धरायच्या खेळयंत्रावरच्या टेट्रिसच्या साधारण साडेतीन कोटी प्रती खपल्या हा आकडा एका आवृत्तीचा आहे. तो बिनधास्त द्या.

मेंदूवर नंतर येते, तो मोठा विषय आहे.

आणि "रशियन" नको, त्या वेळच्या देशाचं नाव लिहा. सोव्हिएत संघाच्या विज्ञान अकादमीचं दोरोद्नित्सिन संगणन केंद्र, मॉस्को. पाजित्नोव्ह तिथं नोकरीला होते. ही माहिती तुमच्या इतिहासात आहे, मग प्रस्तावनेत का गाळली?

निरंजन_क

अनुस्वार, तारखेचं पटत नाही. ज्यानं गेम केला त्याचीच ती कंपनी. मूळ माणूस म्हणतोय ६ जून, तर आपण कोण नाही म्हणणारे?

अनुस्वार

आपण नाही म्हणायचं नाहीच. "कंपनीच्या मते ६ जून १९८४" असं म्हणायचं. ही कंपनी १९९६ मध्ये पाजित्नोव्ह आणि हेंक रॉजर्स यांनी मिळून काढली. स्वतःच्या मालाबद्दल मालक बोलतो तेव्हा ते त्याचं म्हणणं असतं. ते नोंदवावं, पण त्याच्या नावानं. प्रस्तावनेत "१९८० च्या दशकाच्या मध्यास" एवढं पुरे, दोन्ही सालं इतिहासात द्या.

खडूस

म्हणजे पहिलीच ओळ गुळमुळीत. वाचक विकीवर साल बघायला येतो, "दशकाच्या मध्यास" बघायला नाही. शाळेतल्या पोरानं प्रकल्पात काय लिहायचं?

अनुस्वार

"१९८४ किंवा १९८५" लिहायचं. शाळेतल्या पोराला "किंवा" समजतं, खडूसराव.

सांगलीकर_काका

तारखेवरून धाग्याचा काश्मीर होण्याआधी माझे दोन पैसे.

मला हक्कांचा वाद हा भाग सगळ्यात आवडला आणि सगळ्यात जास्त आक्षेपही त्यालाच आहे. निरंजन, तुम्ही मॉस्कोतल्या रस्त्यांवरचा गाडीचा पाठलाग घातला आहे. तो २०२३ च्या चित्रपटातला आहे, बाळा. प्रत्यक्षात तसं काही घडलेलं नाही. पटकथाकाराला हाणामारी हवी होती, त्यानं घातली. विश्वकोशाला ती चालत नाही.

खरं जे घडलं ते काय कमी आहे का? स्टाइन नावाचा लंडनचा दलाल बुडापेस्टच्या एका संस्थेत हा गेम बघतो. मॉस्कोला टेलेक्स करतो. तिकडून आलेल्या उत्तराला होकार समजतो आणि पक्का करार हातात नसताना ब्रिटनच्या मिररसॉफ्टला आणि अमेरिकेच्या स्पेक्ट्रम होलोबाइटला हक्क विकून मोकळा होतो. त्यांनी पुढं आणखी कुणाकुणाला दिले. सरकारी बाजूनं परदेशी व्यवहार बघणारी संस्था एलोर्ग. तिचे अधिकारी बेलिकोव्ह यांच्यासमोर फेब्रुवारी १९८९ मध्ये तीन माणसं एकाच वेळी मॉस्कोत हजर: स्टाइन, मिररसॉफ्टकडून केव्हिन मॅक्सवेल आणि पर्यटक व्हिसावर, आमंत्रण नसताना, धडकलेले रॉजर्स, ज्यांची कंपनी जपानमध्ये गेम काढायची.

रॉजर्सनी त्यांच्यासमोर टीव्हीवर चालणाऱ्या निन्टेन्डोच्या यंत्राची कॅसेट ठेवली. बेलिकोव्ह चाट. असले हक्क आम्ही कुणाला दिलेच नाहीत म्हणाले. मग त्यांनी स्टाइनकडून सुधारित करारावर सही घेतली. त्यात पैसे उशिरा भरल्याबद्दलचा दंड ठळक होता, स्टाइनचं लक्ष तिकडंच. त्याच कागदात संगणकाची व्याख्या होती: पडदा, कीबोर्ड, डिस्क वगैरे असलेलं यंत्र. म्हणजे टीव्हीला जोडायचं खेळयंत्र आपोआप बाहेर. एका व्याख्येत सगळा डाव फिरला. मी आयुष्यभर सरकारी खात्यात निविदा तपासल्या, हे वाचून मला काय आनंद झाला हे तुम्हाला कळणार नाही.

हे तुमच्या मसुद्यात एका ओळीत आहे आणि पाठलागाला अख्खा परिच्छेद.

टिंबटिंब

वाचलं. काकांना +१. दंडाचं कलम पुढं करून व्याख्या मागून सरकवणे, वा!

निरंजन_क

काका, पाठलाग काढतो. चित्रपटात अगदी खरा वाटला होता. पण वाद कमी करा असं अजून कुणी म्हटलेलं नाही याची नोंद घ्यावी.

दशांश

मी म्हणतो.

लेखाचं नाव टेट्रिस आहे. वाद वाचायला मला वीस मिनिटं लागली. गेम कसा खेळतात हा विभाग चहा निवायच्या आत संपला: "वरून विविध आकाराचे ठोकळे पडतात. ते फिरवून आडव्या ओळी पूर्ण कराव्यात." बस? ज्यानं टेट्रिस कधी पाहिलाच नाही त्याला यातून काय कळणार? आणि ज्यानं पाहिलाय त्याला नवीन काय मिळणार?

विहीर, म्हणजे तुकडे ज्यात पडतात ती चौकट, १० घरं रुंद, २० घरं उंच. हे मसुद्यात नाहीच. तुकडे चार चौकोनांचे. चार चौकोन कडेला कड लावून जोडले तर आकार पाचच होतात. पण इथं तुकडा फिरवता येतो, पालथा घालता येत नाही. म्हणून त्या त्या अक्षरासारखे दिसणारे एस आणि झेड वेगळे, जे आणि एल वेगळे. असे सात. पाजित्नोव्ह यांना सुचलं ते पाच चौकोनांच्या पेंटोमिनोच्या कोड्यावरून. पालथं घालायला बंदी केली तर पेंटोमिनोचे आकार १८ होतात. वरून पडणारे अठरा आकार ओळखून त्या क्षणी जागा ठरवणं माणसाच्या आवाक्यात नाही. सातवर आणलं म्हणून खेळ झाला. ही गोष्ट इतिहासात यायला हवी.

आता गुण. निन्टेन्डोच्या टीव्हीवरच्या आवृत्तीत सुरुवातीच्या पातळीला एक ओळ पुसली की ४०, दोन एकदम पुसल्या की १००, तीन ३००, चार एकदम १२००. पातळी चढेल तसं हे सगळं वाढत जातं. चार ओळी एकेक करून पुसल्या तर १६०, एका दणक्यात पुसल्या तर १२००. चार एकदम पुसू शकणारा तुकडा एकच, लांब दांडी. म्हणून खेळणारा एका कडेचा उभा रकाना मुद्दाम रिकामा ठेवतो, बाकी भिंत रचत जातो आणि दांडीची वाट बघत बसतो. भिंत वर वर चढते, दांडी येत नाही, हात घामेजतात. टेट्रिस म्हणजे हे. लोभ आणि भीती. हे लेखात नसेल तर मॉस्कोच्या कराराचं मला काय करायचंय?

सांगलीकर_काका

दशांश, "मला काय करायचंय" हे जरा जास्त झालं. बाकी दांडीचं अगदी खरं.

शर्वरी

दांडी न येणं हे नशीब असतं की गेम मुद्दाम करतो? लहानपणापासूनचा प्रश्न आहे, आज विचारून घेते.

दशांश

कुठली आवृत्ती त्यावर आहे.

निन्टेन्डोच्या जुन्या टीव्ही आवृत्तीत प्रत्येक तुकडा जवळजवळ फाशासारखा पडतो. आधीचाच तुकडा परत आला तर एकदा पुन्हा फासा टाकायचा, एवढीच सवलत. त्यामुळं दांडीचा दुष्काळ कितीही लांबू शकतो. मुद्दाम कुणी करत नाही, पण वाटतं तसं.

हल्लीच्या अधिकृत आवृत्त्यांत सातही तुकडे एका पिशवीत घालून ढवळतात, सगळे संपले की पुन्हा पिशवी भरतात. तिथं दोन दांड्यांच्या मध्ये जास्तीत जास्त १२ दुसरे तुकडे येऊ शकतात. त्यापेक्षा लांब दुष्काळ नाही.

यातूनच एक सुंदर निकाल निघतो, तोही मसुद्यात हवा. एस आणि झेड हे दोनच आकार आलटून पालटून येत राहिले तर १० रुंदीच्या विहिरीत कितीही हुशार खेळाडू शेवटी हरतोच. जॉन ब्रझुस्तोव्स्की यांनी १९९२ मध्ये प्रबंधात यावर काम केलं आणि हायडी बर्गील यांनी १९९७ मध्ये आलटूनपालटून क्रमाची सिद्धता दिली. खऱ्या फाशानं अनंत काळ खेळत राहिलात तर असा दुष्ट क्रम कधी ना कधी येणारच. म्हणजे जुना टेट्रिस तत्त्वतः जिंकता येत नाही. पिशवीवाल्यात मात्र एस-झेड सलग जास्तीत जास्त चार येतात: एका पिशवीच्या शेवटी दोन आणि पुढच्या पिशवीच्या सुरुवातीला दोन. तिथं तो पुरावा लागूच होत नाही.

टिंबटिंब

हा एक प्रतिसाद मसुद्यापेक्षा भारी आहे. (निरंजन, दिवे घ्या, गंमत करतोय.)

निरंजन_क

दिवे घेतले. दशांश, पण इतकं गणित विश्वकोशात? लोक पळतील.

अनुस्वार

नाही पळणार. मी तर म्हणेन लेखाचा कणा तोच. इंग्रजी विकीवर चांगला लेख ठरवताना "व्याप्ती" ही एक कसोटी असते: विषयाची मुख्य अंगं सगळी आली का. गेमवरच्या लेखात गेमचे नियम हे मुख्य अंग नाही तर काय? वाद पन्नास पुस्तकांत, लेखांत आलाय, म्हणून त्याचे संदर्भ सहज मिळतात आणि लेख त्या बाजूला कलंडतो. जिथं माहिती मुबलक तिथं लेख फुगतो. निरंजनच्या मसुद्याला जे झालंय ते मी विकीवरच्या अर्ध्या लेखांत बघते, किल्ल्यांवरच्या लेखांतसुद्धा. लढाई चार पानं, आणि तटबंदी कशी आहे, पाण्याची टाकी कुठं आहेत याला दीड ओळ.

पांडू_पोर्टलंड

उशिरा आलो, इकडची सकाळ आत्ता झाली.

मसुद्यात लिहिलंय: "निन्टेन्डोवरील टेट्रिस २९व्या पातळीला संपतो." निरंजनराव, हे खोडा. २९ ला तुकडा इतक्या वेगानं पडायला लागतो की नेहमीसारखं बटण दाबून धरलं तर तो कडेपर्यंत पोचतच नाही. म्हणून लोक त्याला शेवट समजायचे. गेम तिथं संपत नाही, माणूस संपतो. २०११ मध्ये थॉर आकरलुंड यांनी बोट थरथरवून भराभर दाबत ३० गाठली. पुढं मुलांनी आणखी एक युक्ती काढली: एका हाताच्या बोटांनी कंट्रोलरच्या पाठीमागून टकटक करायचं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा बटणावर नुसता टेकवायचा. बटण अंगठ्यावर येऊन दाबलं जातं. मग २९ ही भिंत राहिलीच नाही. २१ डिसेंबर २०२३ ला ओक्लाहोमातल्या १३ वर्षांच्या मुलानं १५७व्या पातळीपर्यंत जाऊन गेमच गोठवला. गुण मोजण्याच्या कोडला वेळ पुरेनासा होतो आणि यंत्र अडकतं. खऱ्या कॅसेटवर माणसानं हे करण्याची ती पहिली नोंद.

जुन्या टेट्रिसची जागतिक स्पर्धा बरीच वर्षं आमच्या पोर्टलंडलाच व्हायची. २०१८ चा अंतिम सामना मी हॉलमध्ये बसून बघितलाय. सात वेळचे विजेते जोनस न्यूबाउअर आणि समोर १६ वर्षांचा जोसेफ सेली. पोरानं ३-० नं घेतला. न्यूबाउअर जुन्या पद्धतीनं शांत बटण धरून खेळणारे, आणि पोराच्या बोटांचा आवाज माइकवर ऐकू येत होता. हरल्यावर न्यूबाउअर यांनी त्याला ज्या मायेनं जवळ घेतलं ते बघून आजूबाजूचे लोक रडत होते. ते २०२१ मध्ये गेले, जेमतेम ३९ चे होते.

स्पर्धांचा विभागच नाही मसुद्यात. चाळीस वर्षं झालेला गेम आजही कुणीतरी पुढं नेतंय ही खरी बातमी आहे.

गोट्या_मालवण

एक शंका. मसुद्यात म्हटलंय "खालचे बटण दाबल्यास ठोकळा वेगाने खाली येतो". आमच्या घरी टीव्हीला जोडायचा गेम होता, शंभर गेमवाली पिवळी कॅसेट. त्यातल्या टेट्रिसात खालचं बटण दाबलं की तुकडा फिरायचा! आणि दुसरं बटण दाबलं की धाडकन खाली. नंतर मोबाइलवर खेळायला गेलो तर सगळं उलटं. माझी कॅसेट खराब होती का?

पांडू_पोर्टलंड

गोट्याभाऊ, कॅसेट उत्तम होती. ती रॉजर्स यांच्याच बुलेट-प्रूफ सॉफ्टवेअर कंपनीनं १९८८ च्या डिसेंबरात जपानमध्ये काढलेली आवृत्ती. तिच्यात खाली दाबलं की फिरतो आणि ए दाबलं की आदळतो. आपल्याकडच्या टीव्ही गेमात जपानी गेमच भरलेले असायचे, त्यामुळं अमेरिकेतल्या मुलांनी जी बघितली नाही ती आवृत्ती तुम्ही मालवणात खेळलात.

आणि काकांनी वर सांगितलेली, बेलिकोव्हना दाखवलेली कॅसेट? ती हीच आवृत्ती.

सांगलीकर_काका

काय सांगता! म्हणजे मॉस्कोच्या टेबलावरची कॅसेट आणि गोट्याची कॅसेट...

गोट्या_मालवण

आता माळ्यावर शोधतो. आईनं भंगारात घातली नसेल तर फोटो टाकतो.

अनुस्वार

यातूनच मुद्दा निघाला: नियम लिहिताना आवृत्ती सांगा. "टेट्रिसमध्ये असं असतं" हे वाक्य जवळजवळ नेहमीच चूक ठरतं. संगीताचंही तेच. मसुदा म्हणतो "मूळ खेळातील रशियन लोकसंगीत". मूळ खेळ इलेक्ट्रोनिका ६० या सोव्हिएत संगणकावर झाला. त्या यंत्रावर चित्रंसुद्धा उमटत नव्हती, तुकडे चौकटी कंसांनी काढले होते. संगीत कुठून येणार? सगळ्यांच्या डोक्यात बसलेली ती लोकगीताची चाल गेम बॉयवरची, १९८९ ची, आणि ती बसवली हिरोकाझु तानाका यांनी, जपानमध्ये. खोक्यावरचे घुमट आणि लाल रंगसुद्धा अमेरिकन विक्रेत्यांची करामत. मॉस्कोतल्या माणसाला आपल्या गेममध्ये "रशियन" काही घालावंसं वाटलं नव्हतं. वादिम गेरासिमोव्ह हा तेव्हाचा १६ वर्षांचा शाळकरी मुलगा, त्यानं तो आयबीएम पीसीवर आणला तेव्हा रंग आले.

आता मेंदू. "तल्लख होतो असे सिद्ध झाले" हे पूर्ण काढा. तुम्ही तीन अभ्यासांची नावं घेतलीत, एकही ते म्हणत नाही. रॉबर्ट स्टिकगोल्ड यांचा २००० चा अभ्यास झोप आणि स्मृतीवर आहे: झोप लागताना लोकांना पडणारे तुकडे दिसतात, आणि ज्यांना स्मृतिभ्रंश आहे, आपण हा गेम खेळलो हेच ज्यांना आठवत नाही, त्यांनाही दिसतात. किती विलक्षण आहे हे! तुमच्या मसुद्यात याचं झालंय "स्मरणशक्ती सुधारते". एमिली होम्स यांचा २००९ चा प्रयोग: हिंसक दृश्यांची फिल्म दाखवल्यावर काही वेळानं टेट्रिस खेळलेल्या लोकांना ती दृश्यं नंतर कमी वेळा आठवली. तो आठवणी त्रास देण्याबद्दल आहे, बुद्धीबद्दल नाही. संशोधनाला शाबासकी देऊ नका, त्यांनी काय केलं ते लिहा.

निरंजन_क

स्टिकगोल्डचं मी एका बातमीवरून घेतलं होतं, मूळ लेख काढून वाचतो. पण आता भारतावरचा विभाग. त्याला हात लावू देणार नाही, आधीच सांगतो. ब्रिक गेम! जत्रेत, एसटी स्टँडवर, वाढदिवसाला मिळणारा, हातात धरून खेळायचा तो ९९९९ इन १ चा डबा. आपल्या पिढीचा टेट्रिस तोच. इंग्रजीतून अनुवाद केला असता तर हे आलंच नसतं.

खडूस

संदर्भ?

निरंजन_क

मी स्वतः खेळलोय. तुम्हीही खेळला असाल.

खडूस

माझ्याकडे अजून आहे, सेल घातले तर चालतो. आत ९९९९ गेम नाहीत, टेट्रिस, रणगाडे, गाडी, साप असेच मोजके असून वेग आणि सुरुवातीची पातळी बदलून आकडा फुगवलाय. विहीर अगदी १० बाय २०. तरीही विचारतो: संदर्भ?

शर्वरी

हे मला खटकतं हं. ज्या गोष्टीबद्दल इंग्रजीत कुणी लिहिलं नाही, ती झालीच नाही असं होतं मग. गावोगावच्या जत्रेतल्या खेळण्याबद्दल कोण संशोधन करणार होतं? अख्ख्या पिढीनं हातात धरलेली गोष्ट मराठी विकीवर नाही, आणि ओक्लाहोमातल्या मुलाची २१ डिसेंबर आहे.

अनुस्वार

शर्वरी, खटकणं बरोबर आहे आणि नियमही बरोबर आहे. विकी ही पहिल्यांदा सांगण्याची जागा नाही. मूळ संशोधन तिथं चालत नाही, नाहीतर उद्या कुणीही "मी पाहिलंय" म्हणून काहीही घालेल. पण संदर्भ इंग्रजीतच हवा असं कुठंय? नव्वदच्या दशकातल्या मराठी वर्तमानपत्रांतल्या खेळण्यांच्या दुकानांच्या जाहिराती, दिवाळीच्या सुमारास "मुलं व्हिडिओ गेमच्या नादी लागली" छापाचे लेख, रविवार पुरवण्या. मोठ्या ग्रंथालयांत जुन्या फाइली असतात. एक जाहिरात मिळाली तर "अमुक साली अमुक शहरात विक्रीला होता" एवढं वाक्य उभं राहतं. तीन परिच्छेद नाही राहणार. एक राहील, पण कुणी तो काढू शकणार नाही.

आणि निरंजन, आठवणींचे ते तीन परिच्छेद फेकू नका. इथं वेगळा धागा काढून टाका, लोक तुटून पडतील. शिवाय पुढं कुणी या विषयावर लिहिणार असेल तर त्याला हे धागेच सापडतील.

सांगलीकर_काका

सांगलीच्या वाचनालयात जुने अंक आहेत. निवृत्त माणसाला काम द्या. कुठली वर्षं बघू?

खडूस

१९९३ ते १९९८ बघा काका. माझा त्याच सुमाराचा आहे. दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे आणि मे महिना. तेव्हाच खेळणी विकली जायची.

टिंबटिंब

खडूसरावांनी मदत केली. धागा सार्थकी लागला. :)

निरंजन_क

बरं. ही नवी सुरुवात:

"टेट्रिस हा सोव्हिएत संगणक अभियंता अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ किंवा १९८५ मध्ये मॉस्को येथे तयार केलेला व्हिडिओ गेम आहे. १० घरे रुंद व २० घरे उंच विहिरीत वरून एकेक पडणारे, चार चौकोनांचे सात प्रकारचे तुकडे फिरवून व सरकवून आडव्या ओळी भरायच्या असतात. भरलेली ओळ नाहीशी होते. तुकडे विहिरीच्या तोंडापर्यंत साचले की खेळ संपतो. गेम बॉय या यंत्रावरील १९८९ च्या आवृत्तीच्या सुमारे साडेतीन कोटी प्रती विकल्या गेल्या."

हक्कांचा वाद निम्म्यावर आणतोय, व्याख्येचं कलम वाढवून. नियमांचा विभाग दशांश यांच्या प्रतिसादांवरून लिहितो, पण संदर्भ मूळ प्रबंधांचे देतो. काही वाक्यं इंग्रजी विकीवरून अनुवादित आहेत, त्याचं श्रेय संपादन सारांशात देईन.

चित्रांचं काय करायचं? खेळ चालू असतानाचा स्क्रीनशॉट टाकू का?

अनुस्वार

स्क्रीनशॉट कॉमन्सवर (विकीच्या मुक्त चित्रसाठ्यावर) चालणार नाही, स्वामित्वहक्क आहेत. आणि ही कंपनी याबाबत कडक आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत झिओ नावाच्या कंपनीविरुद्ध त्यांनी खटला जिंकला. नियम कुणाच्या मालकीचे नसतात हे न्यायालयानं मान्य केलं, पण तुकड्यांचं रूप, विहिरीचं माप, रंगांची धाटणी हे सगळं जसंच्या तसं उचलता येत नाही म्हणाले. (हा खटलाही वादाच्या विभागात घ्या, तो गाडीच्या पाठलागापेक्षा कामाचा आहे.) सात आकारांची स्वतः काढलेली साधी आकृती मात्र हरकत नसलेली, ती निव्वळ भूमिती आहे. आणि ब्रिक गेमच्या डब्याचा फोटो, पडदा बंद ठेवून.

खडूस

फोटो मी देतो. वरचं स्टिकर अर्धं निघालंय, चालेल का?

अनुस्वार

उलट बरं.

शर्वरी

आकृती मी काढते, मला येतं ते. रंग कुठले घेऊ? दांडी निळी, चौकोन पिवळा असं काही ठरलेलं असतं ना?

दशांश

दांडी आकाशी, चौकोन पिवळा, टी जांभळा हे हल्लीच्या अधिकृत आवृत्त्यांत ठरलेलं. जुन्यांत ज्याचे त्याचे वेगळे. गेम बॉयवर तर रंगच नव्हते. कुठलाही एक संच घेतलात की एका आवृत्तीची बाजू घेतल्यासारखं होईल.

शर्वरी

मग सगळे राखाडी काढते. काळ्या रेघा, आत चौकटी. उद्या संध्याकाळपर्यंत चढवते.

खडूस

निरंजन, नवीन प्रस्तावना ठीक आहे. तरी "साचले की" नको, "साचल्यास" करा. वरची भाषा लेखी आहे, मध्येच बोली कशी आली?